प्राणिमुखवट्याची कसोटी : माजुलीच्या मुखवट्यांतील सांगाडा, डोळा आणि मान

सारांश :
आसाममधील माजुली या नदीद्वीपावर बांबू, माती, शेण व जुने कापड यांपासून प्राण्यांची व असुरांची मुखे तयार केली जातात. या मुखवट्यांविषयीचे बहुतेक लेखन त्यांच्या प्राचीनतेचा गौरव करते किंवा त्यांकडे हस्तकलेचा नमुना म्हणून पाहते. मुखवटा हा प्रथमतः नटाने डोक्यावर वागवावयाचा असतो. त्यामुळे त्याचे वजन, दृष्टीसाठी ठेवलेली फट, श्वासाची वाट आणि मानेवरचा तोल हेच त्याच्या कलात्मक मूल्यमापनाचे खरे निकष ठरतात, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे. या निकषांवर माजुलीच्या मुखवट्यांचे परीक्षण करून, पाहण्याची वस्तू म्हणून होणाऱ्या त्यांच्या रूपांतराचाही येथे विचार केला आहे.

बीजशब्द : मुखवटा, माजुली, भाओना, बांबूकाम, लोकनाट्य, भौगोलिक निर्देशांक

प्रस्तावना :
माणसाने प्राण्याचे डोके धारण करणे ही रंगभूमीच्या इतिहासातील अतिशय जुनी क्रिया आहे. विधी, नृत्य, लोकनाट्य आणि बालनाट्य या सर्व ठिकाणी ती आढळते. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी कोकणातील दशावताराच्या आरंभी सोंडेचा मुखवटा धारण केलेला गणपती रंगमंचावर येतो. जव्हार-मोखाडा परिसरातील बोहाड्यात देव, दानव आणि प्राणी यांची सोंगे लाकडी किंवा कागदी मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचविली जातात. शाळेच्या स्नेहसंमेलनात पुठ्ठा, खळ आणि रद्दी कागद यांतून तयार झालेला वाघोबाही याच कुळातला आहे. घरी किंवा गावात, हाताशी असेल त्या साहित्यातून प्राण्याचे डोके घडविणे हे या सर्वांतील समान सूत्र होय.

असे असूनही समीक्षेने या वस्तूकडे पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही. नाट्यसमीक्षा संहिता, अभिनय व दिग्दर्शन यांत रमते, तर लोकसाहित्याचा अभ्यास मुखवट्याच्या विधीशी असलेल्या संबंधावर भर देतो. हस्तकलेविषयीचे लेखन मुखवट्याचे रंग आणि कोरीवपणा यांचे वर्णन करून थांबते. मुखवट्याच्या आत जो माणूस असतो, त्याला काय दिसते, त्याला श्वास कसा घेता येतो, त्याची मान किती वेळ तग धरते, हे प्रश्न तांत्रिक मानून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः हे प्रश्न सौंदर्याचेच आहेत. ते स्पष्ट करण्यासाठी माजुलीची परंपरा विशेष उपयुक्त ठरते, कारण तेथे अतिशय साध्या साहित्यातून अतिशय मोठी मुखे तयार होतात.

परंपरेची पार्श्वभूमी :
माजुली हे ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील बेट असून २०१६ मध्ये त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) यांनी आसामात प्रवर्तित केलेल्या वैष्णव भक्तिपंथाचे हे प्रमुख केंद्र होय. या पंथाच्या मठांना 'सत्र' असे म्हणतात. शंकरदेवांनी भक्तीच्या प्रसारासाठी नाटकाचा आधार घेतला. 'कालियदमन', 'रुक्मिणीहरण', 'पारिजातहरण', 'रामविजय' ही त्यांची एकांकी नाटके 'अंकिया नाट' या नावाने ओळखली जातात. ब्रजावली या मिश्र साहित्यभाषेत ती रचलेली आहेत. या नाटकांच्या प्रयोगाला 'भाओना' म्हणतात. नामघरात किंवा मोकळ्या मंडपात, खोल व टाळ यांच्या साथीने, सूत्रधाराच्या निवेदनातून हा प्रयोग उलगडत जातो.

भागवताचा दशमस्कंध आणि रामकथा हे या रंगभूमीचे मुख्य विषय आहेत. त्यामुळे तिच्या पात्रयादीत मनुष्येतरांची गर्दी असणे स्वाभाविकच आहे. बगळ्याच्या रूपातील बकासुर, अजगराच्या रूपातील अघासुर, अनेक फणांचा कालिया, गरुड, जटायू, जांबवंत, हनुमान, नृसिंह आणि वराह यांना रंगभूमीवर आणण्यासाठी मुखवट्याखेरीज मार्ग नव्हता. आसामी भाषेत मुखवट्याला 'मुखा' म्हणतात. माजुलीतील सामागुरी सत्र हे या कलेचे सर्वपरिचित केंद्र होय. तेथील हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला आणि मार्च २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्याला भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला.

साहित्य आणि रचना :
या मुखवट्याची रचना समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला दूर जाण्याची गरज नाही. कोकणातील किंवा आदिवासी पाड्यावरील कुडाची भिंत ज्याने पाहिली आहे, त्याला तिचे तत्त्व ठाऊक असते. आत कामट्यांची जाळी आणि वर शेणमातीचे लिंपण अशी ती भिंत असते. माजुलीचा मुखवटा म्हणजे हेच तत्त्व डोक्याच्या आकारात वळविलेले असते. फरक इतकाच की भिंत स्थिर उभी राहते, तर मुखवट्याला चालावे, वळावे आणि नाचावे लागते.

प्रथम बांबू कापून काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, म्हणजे तो पुढे किडीला सहज बळी पडत नाही. त्याच्या पातळ कामट्या काढून षट्कोनी जाळीच्या विणीने डोक्याचा सांगाडा विणतात. बुरुडाच्या टोपलीशी या कामाचे जवळचे नाते आहे. त्यानंतर कुंभाराच्या चिकणमातीच्या पातळ राबडीत बुडविलेले कापडाचे तुकडे सांगाड्यावर चढवितात. ते उन्हात वाळले की माती व शेण यांच्या मिश्रणाने नाक, भुवया, गाल, चोच किंवा सुळे यांना उठाव देतात. अर्धवट ओल्या अवस्थेत बांबूच्याच हत्याराने पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. पुन्हा कापडाचा थर दिल्यानंतर रंगकाम होते. पूर्वी हिंगूळ आणि हरताळ यांपासून केलेले लाल व पिवळे रंग वापरीत असत, अलीकडे बाजारातील तयार रंगही वापरले जातात. दाढी, मिशा व आयाळ यांसाठी ताग किंवा जलपर्णीचे तंतू उपयोगात येतात.

या प्रक्रियेत प्रत्येक पदार्थाचे काम निश्चित आहे. बांबूची जाळी आकार देते व वजन वाचविते, कारण षट्कोनी विणीत काडीपेक्षा पोकळीच अधिक असते. कापड मातीला धरून ठेवते. शेणातील गवताचे तंतू वाळताना पडणाऱ्या भेगा आवरतात. मातीचा थर पातळ असल्यामुळेच मुखवटा डोक्यावर टिकतो, कारण तो जाड केला तर चेहरा ठसठशीत होईल पण मान मोडेल. म्हणजे येथे शिल्पकाराला हवा तितका उठाव देण्याचे स्वातंत्र्य नाही. प्रत्येक भुवईची किंमत नटाच्या मानेवर वजनाच्या रूपाने चुकवावी लागते. माजुलीच्या उत्तम मुखवट्यांत जी रेषेची काटकसर जाणवते, भुवईचा एकच वळसा किंवा जबड्याची एकच कड राक्षसाचा क्रोध सांगून जाते, त्या काटकसरीचे एक सबळ कारण या हिशेबात शोधता येते. साहित्याच्या मर्यादेतूनच येथे शैली जन्माला आली आहे.

तीन प्रकार आणि नटाचे शरीर :
माजुलीत मुखवट्याचे सामान्यतः तीन प्रकार मानले जातात. केवळ चेहरा झाकणारा तो 'मुख मुखा'. डोके आणि धड अशा दोन भागांत तयार होणारा, नटाला पूर्णपणे आपल्या पोटात घेणारा प्रचंड मुखवटा म्हणजे 'छो मुखा'. या दोहोंच्या मधल्या आकाराचा तो 'लोटोकारी मुखा'. ही वर्गवारी वरवर पाहता आकाराची वाटते. प्रत्यक्षात नटाने आपल्या शरीराचा किती भाग पात्राला उसना द्यावयाचा, याची ती वर्गवारी आहे. मुख मुख्यात हात, छाती, पाय हे नटाचेच राहतात आणि अभिनयाचा भार त्यांच्यावर पडतो. छो प्रकारात नटाकडे केवळ चाल आणि झोक उरतो. पहिल्यात माणूस प्राण्यासारखा वागतो, दुसऱ्यात प्राणी माणसाच्या पायांनी चालतो. दोहोंचे अभिनयशास्त्र भिन्न आहे.

येथे डोळ्याचा प्रश्न उपस्थित होतो. माणसाचे दोन्ही डोळे समोर असतात, तर बगळ्याचे, घोड्याचे किंवा हत्तीचे डोळे दोन बाजूंना असतात. मुखवट्यावर प्राण्याचा डोळा त्याच्या खऱ्या जागी रंगविला तर आतील नटाला समोरचे काहीच दिसणार नाही. घडविणाऱ्यासमोर दोनच वाटा उरतात. एक तर प्राण्याचे डोळे समोर आणावयाचे आणि त्याला किंचित माणसाळलेला करावयाचा. नाही तर प्राण्याचा डोळा केवळ प्रेक्षकांसाठी ठेवून नटाला चोचीच्या फटीतून, उघड्या जबड्यातून किंवा गळ्यापाशी ठेवलेल्या छिद्रातून पाहू द्यावयाचे. पहिल्या वाटेने गेलेला मुखवटा भावदर्शी होतो, दुसऱ्या वाटेने गेलेला अधिक अमानुष व म्हणून अधिक भयावह. एखाद्या मुखवट्याच्या समीक्षेत सर्वप्रथम विचारावयाचा प्रश्न हाच आहे की नट नेमका कोठून पाहतो? त्याच्या उत्तरात त्या मुखवट्याचा संपूर्ण दृष्टिकोन दडलेला असतो.

तिसरा प्रश्न तोलाचा. लांब चोच किंवा सोंड मुखवट्याला पुढे ओढते. मागील बाजूस तेवढाच आधार नसेल, तर नटाला सतत मान मागे खेचून चालावे लागते आणि मग गरुडाचा डौल नाहीसा होऊन दमलेला माणूस तेवढा दिसतो. चेहऱ्यापुरत्या अर्धमुखवट्यापेक्षा संपूर्ण डोके विणून घेण्यात हा लाभ आहे. जाळीचा घेर कवटीभोवती बसतो आणि भार कपाळावर न येता सर्व बाजूंनी वाटला जातो. टोपली डोक्यावर तोलण्याचे ज्ञान आणि मुखवटा घडविण्याचे ज्ञान येथे एकमेकांना भेटते.

साचा आणि वीण :
माजुलीच्या पद्धतीचे वेगळेपण पुरुलियाच्या छाऊ मुखवट्याशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. पश्चिम बंगालमधील चरिदा या गावी हे मुखवटे तयार होतात. त्यांनाही २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तेथे प्रथम मातीचा चेहरा घडवितात, त्यावर राख भुरभुरतात आणि खळीत भिजविलेल्या कागदाचे अनेक थर चिकटवितात. वर माती व कापड यांचा लेप देऊन तो घोटतात आणि वाळल्यावर मुखवटा मातीपासून सोडवून घेतात. राखेमुळे तो सहज सुटतो. म्हणजे छाऊचा मुखवटा साच्यावर घडतो, माजुलीचा मुखवटा विणीवर वाढतो.

या तांत्रिक फरकाचे कलात्मक परिणाम दूरगामी आहेत. साच्यामुळे रेखीवपणा येतो, परंतु आकाराला मर्यादा पडते. वीण कितीही वाढविता येते. म्हणूनच माजुलीत माणसाहून उंच असुर शक्य झाला. दुसरा फरक वाणीचा आहे. पुरुलियाच्या छाऊत नर्तक बोलत नाही, नृत्य व उड्या हीच त्याची भाषा असते. त्यामुळे तेथील मुखवट्याचे मिटलेले ओठ उणीव ठरत नाहीत. भाओनातील पात्रे मात्र संवाद बोलतात. बंद मुखवट्याच्या आतून आलेला आवाज घुसमटतो आणि बोलणारा चेहरा निश्चल राहिल्यास प्रेक्षकाला विसंगती जाणवते. हेमचंद्र गोस्वामी यांच्या नावाशी निगडित असलेली हलत्या जबड्याची मुखे या दृष्टीने पाहावी लागतात. त्यांना केवळ करामत किंवा नावीन्याची हौस म्हणणे अन्यायाचे होईल. संवादप्रधान नाट्यप्रकाराच्या अंतर्गत गरजेला दिलेले ते उत्तर आहे. परंपरेत बदल योग्य की अयोग्य, हा वाद येथे प्रयोगाच्या कसोटीवर सुटतो. नटाला बोलणे सुकर करणारा बदल परंपरेच्या बाजूनेच उभा असतो.

मानेतून दिसणारा माणूस :
मुखवट्याने माणसाला पूर्णपणे लपवावे काय? या प्रश्नाचा एक मार्मिक विचार शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या १५९५-९६ च्या सुमारास लिहिलेल्या सुखात्मिकेत आढळतो. त्यातील कारागीर मंडळी हौसेने नाटक बसवितात. सिंह रंगमंचावर आल्यास स्त्रिया भयभीत होतील, अशी त्यांना चिंता वाटते. त्यावर बॉटम हा विणकर असा उपाय सुचवितो की सिंहाच्या मानेतून नटाचा अर्धा चेहरा दिसला पाहिजे आणि आपण माणूसच आहोत हे त्याने सांगून टाकले पाहिजे. हा प्रसंग हास्यास्पद म्हणून लिहिला गेला आहे. पुढे त्याच बॉटमच्या खांद्यांवर खरोखरच गाढवाचे डोके येते आणि त्याची त्याला जाणीवही नसते, हा नाटककाराचा उपरोध होय. तथापि या अडाणी सूचनेत रंगभूमीचे एक मर्म आहे. प्रेक्षकाला सिंह आणि माणूस दोन्ही एकाच वेळी हवे असतात.

आधुनिक रंगभूमीने हे मर्म जाणीवपूर्वक स्वीकारले. जूली टेमर यांनी १९९७ मध्ये सादर केलेल्या 'द लायन किंग' या संगीतिकेत सिंहाचे मुखवटे नटाच्या चेहऱ्यावर न बसविता डोक्याच्या वर ठेवले. त्यामुळे नटाचा चेहरा व प्राण्याचा चेहरा एकाखाली एक दिसतात. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००७ मध्ये रंगमंचावर आणलेल्या 'वॉर हॉर्स'मध्ये केपटाउनच्या हँडस्प्रिंग पपेट कंपनीने घोड्याचा वेताचा सांगाडा प्रेक्षकांपासून लपविला नाही. तो चालविणारी माणसेही दिसत राहिली. ही दोन्ही उदाहरणे मोठ्या खर्चाच्या व्यावसायिक रंगभूमीची आहेत. परंतु त्यांनी जे साधले त्याचे बीज गावठी मुखवट्यात आधीपासूनच होते. छो प्रकारातील असुराखाली माणसाचे पाय दिसतात आणि प्रेक्षक ते पाहूनही असुराला भितो. घडणावळ न लपविणे हा दोष नसून ते एक आवाहन आहे. प्रेक्षकाने आपल्या कल्पनाशक्तीने उरलेला प्राणी पूर्ण करावयाचा असतो.

भिंतीवरचे मुख :
आता या परंपरेपुढील प्रश्नाकडे वळणे आवश्यक आहे. माजुलीत येणाऱ्या पर्यटकांसाठी लहान आकाराचे शोभेचे मुखवटे तयार होतात व विकले जातात. संग्रहालयांनीही या कलेची दखल घेतली आहे. या घडामोडींविषयी केवळ खेद व्यक्त करणे सोपे आहे, परंतु ते न्याय्य नाही. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, हे मुखवटे करणाऱ्यांनाही लागू आहे. एका छो मुख्यासाठी महिना-दीड महिना खपणाऱ्या माणसाला वर्षातून मोजक्या रात्री होणारा भाओना उदरनिर्वाहाला पुरणार नाही. लहान मुखवट्यांच्या विक्रीतून तरुण हात या कामात टिकत असतील, तर ती विक्री परंपरेची वैरीण ठरत नाही.

धोका विक्रीत नसून निकष बदलण्यात आहे. भिंतीवर टांगावयाच्या मुखवट्याला डोळ्यांची फट लागत नाही, श्वासाची वाट लागत नाही, मागचा घेर लागत नाही. त्याचे वजन कितीही चालते, कारण खिळ्याची मान दुखत नाही. त्यामुळे त्यात उठाव, रंग व झळाळी वाढत जाते आणि ज्या काटकसरीतून शैली निर्माण झाली, ती काटकसर अनावश्यक ठरते. अशा कामावरच शिकलेला पुढचा कारागीर मोठा मुखवटा घडवू शकेल, पण तो घालून नटाला रात्र काढता येईल याची शाश्वती उरणार नाही. भौगोलिक निर्देशांक एखाद्या वस्तूचे नाव, उगमस्थान व निर्मितीपद्धती यांना संरक्षण देतो, ही त्याची मोलाची बाजू आहे. मात्र वस्तू आणि तिला अंगावर वागविणारा माणूस यांतील नाते कोणत्याही नोंदवहीत संरक्षित करता येत नाही. ते केवळ प्रयोग होत राहिल्यानेच टिकते.

याच संदर्भात बोहाड्याची व्यवस्था उद्बोधक आहे. तेथे विशिष्ट मुखवटा नाचविण्याचा मान विशिष्ट घराण्याकडे असतो. म्हणजे मुखवट्याबरोबर तो पेलण्याची रीतही वारशाने चालत येते. चाल, तोल, संबळाच्या ठोक्यावर मान वळविण्याचा क्षण हे सर्व त्या वारशात येते. मुखवटा आणि मान यांची ही जोडी तुटली, तर उरलेली वस्तू सुंदर असू शकेल, पण ते सोंग असणार नाही.

निष्कर्ष :
१. साध्या साहित्यातून घडविलेला प्राणिमुखवटा ही महागड्या मुखवट्याची तात्पुरती नक्कल नव्हे. बांबू, माती, शेण व कापड यांच्या गुणांतून व मर्यादांतून त्याची स्वतंत्र शैली सिद्ध होते.
२. वजन, दृष्टी, श्वास, वाणी आणि तोल हे मुखवट्याचे केवळ तांत्रिक तपशील नसून त्याच्या समीक्षेचे निकष आहेत.
३. साच्यावरचा मूक मुखवटा आणि विणीवरचा बोलका मुखवटा यांतील भेद त्या त्या नाट्यप्रकाराच्या गरजेतून उद्भवलेला आहे. हलत्या जबड्यासारखा बदल त्यामुळेच परंपराविरोधी ठरत नाही.
४. शोभेच्या मुखवट्याची निर्मिती आक्षेपार्ह नाही. मात्र शिकणाऱ्याच्या हाताला धारण करण्याजोग्या मुखवट्याचा सराव मिळत राहणे आवश्यक आहे. सत्रे, शासन आणि संग्रहालये यांनी प्रोत्साहनाची योजना आखताना मुखवट्यांच्या संख्येइतकेच ते घालून झालेल्या प्रयोगांना महत्त्व दिले पाहिजे.

मुखवटा पूर्ण झाला असे केव्हा म्हणावे? शेवटचा रंग वाळला तेव्हा नव्हे. तो डोक्यावर चढवून नट उभा राहिला, त्याला समोरची वाट दिसली आणि मान न अवघडता त्याने पहिले पाऊल टाकले, की मुखवटा पूर्ण होतो.